कालव्यावरची धाप

"उठलीस का न्हाई अजून?" हर्षदानं विचारलं आणि पुढं तिला बोलताच येईना. फोनमधून नुसती धाप ऐकू येत राहिली.

मी पालथी पडले होते, तोंड उशीत. उठलेय म्हणून सांगितलं.

"आडवी पडून बोलतीयस. आवाज कळतो मला." पुन्हा धाप. "माझं पळून झालं कालव्यावर. तू अजून अंथरुणात. लाज वाटू दे जरा."

मी विचारलं, इतकी दमलीस म्हणजे किती पळालीस? ती म्हणाली, मोजायचं नसतं, पळायचं असतं. मग नेहमीसारखी ओरडली, "खो!"

"फोनवरचा खो धरत नाहीत," मी म्हटलं. "पाठीला हात लागला पाहिजे."

"मग ऱ्हा बसून," म्हणत तिनं फोन ठेवला.

आमचं रोजचं बोलणं असंच सुरू व्हायचं आणि असंच संपायचं. आम्ही दोघी विद्यापीठाच्या खो-खो संघातल्या. हर्षदा सूर्यवंशी कप्तान आणि मी तिच्या शेजारी बसणारी. हॉस्टेलवर खोलीही एकच होती. साथ आली त्या मार्चमध्ये आमचे प्रशिक्षक पाटोळे सर मैदानावर येऊन म्हणाले, आठ-पंधरा दिवसांची सुट्टी समजा, घरी जाऊन या. आम्ही एकेक बॅग घेऊन निघालो. बूट कॉटखालीच राहिले. हर्षदा पलूसजवळच्या तिच्या गावी गेली, मी विट्याला आले. ती सुट्टी मग संपलीच नाही.

पप्पा दूध संघात होते, त्यांना रोज बाहेर जावं लागायचं. म्हणून आईनं मला वरच्या खोलीत ठेवलं. तिथं मोबाइलला रेंजही बरी होती. जेवणाचं ताट ती जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची, हाक मारायची आणि खाली जायची. मी दार उघडून ताट आत घ्यायची. सुरुवातीला याची गंमत वाटली. पुढं पप्पांची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, आई खाली ये म्हणून हाका मारू लागली, तरी मी ताट वरच घेत राहिले. खाली का जात नव्हते, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विचारलंही होतं. आईनं, पप्पांनी, समोरच्या काकूंनीसुद्धा. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं होतं.

दिवसा झोप यायची, रात्री यायची नाही. लेक्चर सुरू असायचं, पडद्यावर काळे चौकोन आणि त्यात नावं. प्राध्यापक मध्येच विचारायचे, ऐकू येतंय का मुलांनो? कुणीच काही बोलायचं नाही. मग तेच म्हणायचे, असो. परीक्षा एक दिवस रद्द व्हायची, दुसऱ्या दिवशी होणार असायची. पाळी चुकली, मग चुकतच राहिली. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. खो-खोत खांबावर सूर मारणारी मी, बादली उचलून बाथरूममधून आले तरी छातीत धडधडायचं. मग मी बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावून बसायची. आकडा नेहमी चांगला यायचा. चांगला आकडा बघून मला जास्तच भीती वाटायची, कारण मग हे नक्की काय होतं?

डॉक्टरांनी फोनवर विचारून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आईनं मीठ-मोहऱ्या आणून दृष्ट काढली. तीसुद्धा मास्क लावून, उंबऱ्याबाहेर उभी राहून, हात लांब करून. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. आई दारात मूठ वळून उभी. तिला आत यावं की जावं ते कळेना, मलाही तिला ये म्हणावं की जा म्हणावं ते कळेना.

अशात हर्षदाचा फोन म्हणजे रोज सकाळी कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढावं तसा. ती फोन करायची तेव्हा धापा टाकत असायची. शब्द तुटायचे. मागं कसलीशी घरघर असायची, मी तिला नेटवर्कची खरखर समजायची. मला तिच्या गावचा कालवा डोळ्यांसमोर दिसायचा. मी तो कधी पाहिला नव्हता, पण हॉस्टेलवर ती सारखी सांगायची. कडेला उंच गवत, टिटव्या, आणि भल्या सकाळी पळणारी ती एकटी. माझ्या खोलीत हवा हलत नव्हती आणि तिकडं कुणाचं तरी ऊर धपापत होतं, खरं, पळून. मला तिचा हेवा वाटायचा. रागही यायचा.

एकदा मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला काही होत नाही गं, तू पळतेस, तुझं बरं आहे, मला रोज कशाला फोन करतेस? तिकडं धाप तेवढी चालू होती. मग म्हणाली, "खो देणारीला खो द्यावाच लागतो. नाहीतर ती बसणार कधी?"

नियमच आहे तो. खो दिला की देणारीनं उठणारीच्या जागी बसायचं. मी म्हटलं, तू कप्तान आहेस म्हणून काहीही बोलतेस. ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि फोन कट झाला.

गणपतीच्या दिवसांतली गोष्ट असेल. सकाळी तिचा फोन आला आणि त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. नुसती धाप. लांब, खोल, मध्येच अडकणारी. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग ऐकत राहिले. ऐकता ऐकता माझ्या पोटऱ्यांना काहीतरी झालं. मैदानावर पाठीमागून येणारीची पावलं ऐकू आली की बसलेल्या पायांना होतं ना, तसं. टाचा आपोआप उचलल्या गेल्या. मी फोन कानाला धरूनच उठले, दार उघडलं आणि जिना उतरले. खाली आई मोदकांची उकड काढत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता पाट पुढं सरकवला. तोंडातून शब्द काढला तर मी परत वर जाईन, असं तिला वाटलं असावं.

त्यानंतर मी गच्चीवर अनवाणी पळू लागले, मग मागच्या गल्लीत. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेले आणि भिंतीला धरून उभी राहिले. रोज थोडं थोडं जमत गेलं. पाळी आली तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात जाऊन मिठी मारली. तिला वाटलं परीक्षेचं काहीतरी झालं.

हर्षदाचा फोन येतच होता. आता आम्ही दोघी धापा टाकत बोलायचो. ती म्हणायची, बघ, उठवली का न्हाई?

दसऱ्यानंतर सरांनी ग्रुपवर निरोप टाकला. पुढच्या हंगामाचा संघ ठरवायचा आहे, प्रत्येकीनं पळतानाचा आणि सूर मारतानाचा व्हिडिओ पाठवावा. सगळ्यांनी पाठवले. कुणी शेतात, कुणी अंगणात उखळ पालथं घालून त्याला खांब मानलेला. सोनालच्या व्हिडिओत तिची म्हैसच तिच्यापेक्षा जोरात पळाली होती, त्यावर दोन दिवस चेष्टा चालली. हर्षदाचा व्हिडिओ मात्र आला नाही. मुली म्हणू लागल्या, कप्तानला आता आपल्यात खेळायचं नसेल, मोठ्या मैदानावर पळतात त्या. मी तिला विचारलं. ती म्हणाली, मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय. मग म्हणाली, कालव्यावर चिखल झालाय. मग म्हणाली, पाठवते की, घाई काय आहे?

शेवटी पाटोळे सरांनी मलाच फोन केला. सर बोलायला कडक, पण त्या दिवशी चाचरत होते. म्हणाले, रविवारपर्यंत तिचा व्हिडिओ आला नाही तर नाव काढावं लागेल, माझ्या हातात नाही. तुझी मैत्रीण आहे, तूच बघ.

हर्षदाचं नाव संघातून काढायचं हे मला कळेचना. रोज पळणारी आमच्यात तीच तर एक होती.

शनिवारी मी पप्पांची स्कूटी काढली. आई म्हणाली, मास्क खाली घ्यायचा नाही आणि कुणाच्या घरात पाणी प्यायचं नाही. जिल्ह्याच्या आत जायला यायला तेव्हा मोकळीक झाली होती. पलूस मागं टाकून तिच्या गावाकडं वळले तर रस्ता कालव्याच्या कडेनंच निघाला. मी थांबले. गवत होतं. टिटव्याही होत्या, मला बघून ओरडत उडाल्या. चिखल मात्र कुठंच नव्हता. वाट वाळून पांढरी झाली होती आणि तिच्यावर सायकलीची चाकोरी तेवढी दिसत होती. मला वाटलं, इथंच तिचा व्हिडिओ काढायचा. ऊनही छान होतं.

तिचं घर विचारावं लागलं नाही. खाली पिठाची गिरणी, वर राहायचं, हे माहीत होतं. मी स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, आणि जागीच थांबले.

ही घरघर मी ओळखत होते. महिनोन् महिने रोज सकाळी ऐकली होती. तिच्या धापेच्या मागं हीच होती.

हर्षदाची आई गिरणीत एकटीच होती. भुवयांवर पीठ, मास्कवर पीठ. माझ्याकडं बघून त्यांनी डोळे बारीक केले. "अनुजा न्हवं तू? फोटोत बघितलंय. ये बाळ, लांब उभी ऱ्हा जरा, पीठ उडंल."

मी म्हटलं, काकू, हर्षदा कालव्यावरून आली का?

गिरणीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्यांनी ऐकलं होतं. हातातलं सूप खाली ठेवून त्या माझ्याजवळ आल्या.

"कालव्यावर? ती जिना उतरून किती म्हैनं झालं, बाळ."

मी म्हटलं, पण ती रोज पळते. मला रोज सकाळी फोन करते.

"व्हय, तुलाच करती. मी ऐकती की. धापा टाकत बोलती." काकू माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला. "मला वाटलं, तुम्ही दोघी फोन लावून खोलीत येयाम करताय. म्हणून म्या काय बोलले न्हाई. म्हटलं, तेवढं तरी करती. येयामच की गं तो?"

तेवढ्यात दळणाला आलेल्या एका बाईनं डबा वाजवला. काकू पट्ट्याकडं वळल्या आणि मी जिना चढले.

खोलीची खिडकी बंद होती. हर्षदा कॉटच्या कडेला बसली होती, दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. खो-खोत खो द्यायला मागूनच यावं लागतं ना, मी नेहमी तिची पाठच बघत आले होते. ती पाठ मला ओळखू आली, पण ती खाली वाकलेली होती. पाय जमिनीवर सुटलेले. ज्या पोटऱ्यांकडं सर सगळ्या संघाला बोट दाखवायचे, त्या पोटऱ्या मऊ दिसत होत्या, दुसऱ्याच कुणाच्या असल्यासारख्या.

"कोण?" ती न वळताच म्हणाली.

"मी."

खालून गिरणीची घरघर.

"व्हिडिओ काढायला आलीस?"

"हो."

"कालव्यावर चिखल हाय."

"आत्ता तिथूनच आले, हर्षे. वाळलाय."

तिनं मान खाली घातली. मग भिंतीशीच बोलत असल्यासारखी सांगू लागली, तुटक तुटक, आणि मला पुढचं मागचं लावून घ्यावं लागलं. सुरुवातीला ती खरंच पळत होती. उन्हाळ्यात एका सकाळी कालव्यावर अचानक छाती दाटली, हातपाय गार पडले, डोळ्यापुढं अंधारी. तिला वाटलं, झाला आपल्याला तो आजार. आता आपल्यामुळं घरात सगळ्यांना होणार. तपासणी केली, काही निघालं नाही. पण दुसऱ्या दिवशी बूट घालायला बसली तर पुन्हा तेच. मग दाराशी. मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. मग कॉटवरून उठायचं नुसतं मनात आलं तरी.

"काय झालंय ते मला बी कळंना झालंय," ती म्हणाली. "ताप न्हाई, खोकला न्हाई. कुणाला सांगू, काय सांगू? रोज सकाळी उठून दारापर्यंत जायचं ठरवते. दारात गेलं की श्वास मिळंना होतो. मग तुला फोन लावते. तुला चार शिव्या घातल्या की उतरतं."

"म्हणजे ती धाप..."

"पळून न्हवती."

मी दारातच खाली बसले. माझ्या डोक्यात सगळ्या सकाळी एकदम येऊ लागल्या. तो तुटक आवाज, मध्येच कट होणारे फोन, आणि ती गणपतीतली सकाळ, जेव्हा ती काहीच बोलली नव्हती आणि मी ऐकता ऐकता उठले होते. तेव्हा ती तिकडं कशात होती आणि मी इकडं कशानं उभी राहिले? मला हसावं की रडावं कळेना.

"मी त्या धापेवर उठले गं," मी म्हटलं. "मला वाटलं, तू पळतेयस."

तिचे खांदे हलले. रडतेय वाटलं, पण ती हसत होती. "मग बरं झालं की. कुणाच्या तरी उपेगी आली."

मी सांगितलं, व्हिडिओ राहू दे, सरांना मी सांगेन. ती म्हणाली, काय सांगशील? कप्तान आजारी आहे म्हणावं तर आजाराचं नाव नव्हतं. आजारी नाही म्हणावं तर ती इथं भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिला म्हणे एकाच गोष्टीची भीती वाटत होती. नाव काढलं तर मग सकाळी उठायचं कशासाठी?

खालून काकूंनी कुणाशी तरी बोलताना माझं नाव घेतलं. मी उठले. कॉटच्या मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "खो."

ती हलली नाही. "नुसत्या तोंडाच्या खोला उठलं तर फाऊल धरतात," ती म्हणाली. "तूच सांगतीस रोज."

माझा हात पुढं गेला होता आणि मध्येच थांबला होता. इतक्या महिन्यांत मी आईशिवाय कुणालाच हात लावला नव्हता. लांब उभं राहा, हात लावू नका, प्रत्येक फोन लावला की आधी हेच ऐकायचो आपण. माझा हात हवेत आणि तिची पाठ समोर. तिच्या पाठीला कळत असावं, कारण ती थोडी ताठ झाली.

मी हात टेकवला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, नेहमी टेकवायचे तिथं. सदऱ्याखाली तिचं काळीज केवढ्यानं उडत होतं. "खो," मी पुन्हा म्हटलं.

ती उठली.

मी तिच्या जागी बसले. तो नियमच होता, आणि दुसरं काय करायचं ते मला माहीतही नव्हतं. भिंतीकडं तोंड करून बसले. चादर अजून गरम होती. समोर भिंतीचा रंग पोपडा धरून उडालेला. त्याच्याकडं बघत ती रोज मला फोन करत असणार. मागं काय चाललंय ते बघायचं मी टाळलं. तिची पावलं दारापर्यंत गेली. थांबली. श्वास ऐकू येऊ लागला, तोच, लांब, मध्येच अडकणारा. मी उठून तिला धरायला हवं होतं का? आज मी एका मुलीची आई आहे, आणि लेक पडू लागली की हात आपोआप पुढं जातात. तेव्हा मी मांडीखाली हात दाबून बसून राहिले. बसलेलीनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं.

पहिली पायरी वाजली. मग बराच वेळ काही नाही. धाप वाढली, इतकी की मला वाटलं आता ती परत येणार. मग दुसरी वाजली. तिसरी.

आणि मग एकदम शांत झालं. काय झालं ते मला लगेच कळलं नाही. कानात दडे बसल्यासारखं वाटलं. महिनोन् महिने तिच्या आवाजामागं जी घरघर होती, ती थांबली होती. काकूंनी अर्ध्या दळणात गिरणी बंद केली होती.

त्या शांततेत खालून काकूंचा आवाज आला, अगदी साधा, कुणी रोज येतं तसा. "आलीस व्हय? बस. चहा टाकते."

त्या दिवशी ती अंगणापर्यंत गेली, रस्त्यापर्यंत नाही. व्हिडिओ झाला नाही. सरांना तिनं स्वतः फोन केला, त्यांनी नाव काढलं, आणि पुढं बरंच काही व्हायचं राहिलं होतं. सांगलीच्या डॉक्टरीणबाई, गोळ्या, परत जिन्यावर अडकलेले दिवस. ती पुन्हा खेळली, पण कप्तान म्हणून नाही. ते सगळं सरळ रेषेत झालं नाही, म्हणून मला ते नीट सांगताही येत नाही.

आता ती एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. सकाळी मी लेकीला अंगावर घेऊन बसलेली असते तेव्हा तिचा फोन येतो. अजूनही धापा टाकत. मी लगेच बोलत नाही. आधी ऐकते.

"बोल की," ती म्हणते. "कालव्यावरच हाय मी."

मी तरी ऐकत राहते. मग कुठूनतरी लांबून टिटवी ओरडते, आणि मी म्हणते, बोल.